न शिजवलेलं जेवण पाहुण्यांनी पुन्हा मागून घ्यावं, त्यासाठी काय करायचं?

प्रश्न: मी रॉ व्हीगन खाते. मला ते मनापासून आवडतं आणि नवं काही करून बघायची हौसही आहे. पण घरचे आणि पाहुणे दोन घास खातात, ‘छान झालंय’ म्हणतात आणि पुढे हात लावत नाहीत. सगळ्यांना आवडेल असं न शिजवलेलं, पूर्ण वनस्पतिजन्य जेवण घरी कसं करायचं? माझ्याकडे खास यंत्रं नाहीत, एक चांगला मिक्सर आहे.

उत्तर:

तुमच्या पाहुण्यांचं भाज्यांशी काही वाकडं नाही. त्याच भाज्या शिजवून दिल्या तर ते आवडीनं खातील. मग त्यांना चुकल्यासारखं वाटतं ते काय? आच जे काम करते, ते. आच भाजी मऊ करते, तिच्यातलं पाणी आटवून चव दाट करते, खरपूस वास आणते, वेगवेगळ्या चवी एकमेकींत मुरवते आणि ताटात ऊब आणते. विस्तव बाजूला ठेवला की ही सगळी कामं पडून राहतात. बहुतेक रॉ जेवण फसतं ते इथेच. भाजी चिरली, वर लिंबू पिळलं, वाढली, आणि त्या पडून राहिलेल्या कामांकडे कुणी बघितलंच नाही. ती कामं मीठ, आंबट, सुरी, मिक्सर, वारा आणि वेळ यांच्याकडून करून घ्यायची असतात. एकदा असा विचार करायला लागलात की पाककृती शोधत बसावं लागत नाही.

सुरुवात मिठापासून करा. कच्च्या भाजीच्या प्रत्येक पेशीत पाणी भरलेलं असतं, म्हणून ती ताठ असते आणि चावायला कष्ट पडतात. मीठ लावलं की ते पाणी बाहेर येतं, पेशी सैल पडतात आणि भाजी लवचीक होते. अर्धा किलो कोबी अगदी बारीक चिरा, त्यावर एक सपाट छोटा चमचा मीठ घाला आणि दोन-तीन मिनिटं हातानं चांगला चोळा. वीस मिनिटं ठेवा, मग मुठीत धरून पिळा. किती पाणी निघतं ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. हा कोबी आता कच्चाच आहे, पण दाताखाली तो कच्चा लागत नाही. यानंतर आंबट घाला आणि सगळ्यात शेवटी तेल. हा क्रम मोडू नका. तेल आधी पडलं तर पानांवर त्याचा थर बसतो आणि मीठ आणि आंबट आत शिरायला वेळ लावतात. शिवाय पाणी आधी न काढता वरून सॉस ओतला तर जेवणाच्या मध्यावर ताटात तळं साचतं. पाहुणे तोंडानं बोलत नाहीत, पण ताट बाजूला सारण्याचं ते एक मोठं कारण असतं.

झुकिनीच्या लांब पट्ट्या किंवा शेवया करताना हेच करायचं. थोडं मीठ, पंधरा-वीस मिनिटं, हलकेच पिळणं, कोरड्या फडक्यावर टिपणं. एवढं करूनही ती थोडं पाणी सोडणारच आहे, म्हणून तिच्यासाठीचा सॉस नेहमीपेक्षा दाट ठेवा आणि वाढायच्या क्षणीच मिसळा. (झुकिनी, काकडी किंवा या कुळातली कुठलीही भाजी वापरण्याआधी एक चकती चाखून बघा. जहाल कडू लागली तर अख्खी टाकून द्या. तो कडवटपणा विषारी असू शकतो आणि शिजवूनही जात नाही.)

सुरीचं महत्त्व मिठाइतकंच आहे. जाड कापलेलं गाजर म्हणजे नुसतं चावणं. तेच सोलणीनं उभ्या, पातळ फिती काढून लिंबात दहा मिनिटं ठेवलं तर ते जिभेवर वळतं आणि गोड लागतं. जाड पानांच्या भाज्यांची मधली शीर काढून टाका, ती कितीही चोळली तरी मऊ होत नाही. बीटसारख्या हट्टी कंदासाठी माझा आवडता उपाय फ्रीझरचा आहे. बीटच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढून निथळू द्या. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे वितळल्यावर चकत्या वाफवल्यासारख्या मऊ पडतात. त्यांच्यात काजूचं दाट क्रीम भरून घडी घातली तर हे शिजवलेलं नाही हे सांगूनही लोकांना खरं वाटत नाही.

आता चव दाट करण्याविषयी. भाज्यांमध्ये बहुतांश पाणीच असतं, आणि पातळ चव हीच कच्च्या जेवणाविषयीची सगळ्यात रास्त तक्रार आहे. त्यावर उत्तर म्हणजे वाळवण. एकच पदार्थ करून ठेवायचा असेल तर अर्धवट वाळवलेले टोमॅटो करा. पिकलेले छोटे टोमॅटो उभे अर्धे कापा, किंचित मीठ लावा आणि ४५ अंश सेल्सियसच्या आसपास सहा ते आठ तास वाळवा. कडा आक्रसल्या पाहिजेत आणि मध्य अजून ओलसर राहिला पाहिजे. डिहायड्रेटर (पदार्थ वाळवायचं यंत्र) नसेल तर ओव्हन सगळ्यात कमी आचेवर, दार थोडं उघडं ठेवून चालतो. मात्र आत थर्मामीटर ठेवून बघा, कारण बरेच ओव्हन ५० अंशांच्या खाली उतरतच नाहीत. हवा कोरडी आणि ऊन कडक असेल तर जाळीखाली उन्हातही होतात. रॉ म्हणवायला तापमानाची मर्यादा कुणी ४२ अंश मानतात, कुणी ४८. कुठलीही माना, त्यावरून ताटावर वाद घालू नका.

टोमॅटोच का? कारण त्याच्यात ग्लुटामेट भरपूर असतं, आणि ‘अजून एक घास घ्यावा’ असं वाटायला लावणारी ती भरदार चव त्यातूनच येते. पाणी उडालं की ती कितीतरी पटींनी जाणवते. सॉस असा करा: चार ताजे पिकलेले टोमॅटो बिया काढून, अर्धी वाटी पूर्ण वाळवलेले टोमॅटो (वरच्यासारखेच, पण मध्यही कोरडा होईपर्यंत ठेवलेले), एक बिनबियांचा खजूर, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मीठ, थोडी तुळशीच्या जातीची सुगंधी पानं, आणि लिंबात मुरवलेली लसूण. वाळवलेले टोमॅटो वेगळे भिजवू नका. ताज्या टोमॅटोचा रस तेच शोषून घेतात आणि सॉस आटवल्यासारखा दाट होतो. मिक्सर थांबवून थांबवून फिरवा, थोडा भरड राहू द्या, आणि वाढण्याआधी अर्धा तास तसाच ठेवा. चवी मुरायला एवढा वेळ लागतोच. घाईनं वाढलेल्या सॉसमध्ये प्रत्येक जिन्नस वेगवेगळा ओरडतो.

लसणीबद्दल सविस्तर सांगते, कारण कच्च्या जेवणाचा सगळ्यात जास्त विचका तीच करते. लसूण ठेचली की तिच्यातल्या एका एन्झाइममुळे तिखट, जळजळीत द्रव्य तयार होतं. शिजवताना ते मवाळ होतं, इथे होत नाही, आणि तासाभरानं सगळ्या ताटाला फक्त लसणीचाच वास येतो. आंबटात ते एन्झाइम मंद पडतं. म्हणून पाकळी थेट लिंबाच्या रसातच किसा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. सुगंध राहतो, चटका जातो. चिरलेला कांदा गार पाण्यात धुऊन, निथळून, मग व्हिनेगर किंवा लिंबात ठेवा. हे दोन उपाय एवढे सोपे आहेत की ते न करण्याला मी कुठलीच सबब मानत नाही.

खरपूस वासाच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहायला हवं. भाजल्यावर, परतल्यावर येणारा खमंगपणा ही साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली रासायनिक क्रिया असते. ती १४० अंशांच्या आसपास खऱ्या अर्थानं वेग घेते. ४५ अंशांवर ती स्वयंपाकघरात घडवता येत नाही, तिची हुबेहूब नक्कलही होत नाही. पण ती जागा रिकामी ठेवायची नाही. धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, काळे ऑलिव्ह, वाळवलेले टोमॅटो आणि आंबवलेल्या भाज्या ही जागा वेगळ्या तऱ्हेनं भरतात. साध्या पांढऱ्या मश्रूमच्या पातळ चकत्या तमारी (सोया सॉसचा एक जपानी प्रकार) आणि तेलात अर्धा तास ठेवल्या तर त्या गडद होतात, आक्रसतात आणि परतलेल्या मश्रूमच्या बऱ्याच जवळ जातात. शिटाके मात्र कच्चे देऊ नका, काही जणांच्या अंगावर त्यानं चाबकाच्या वळांसारखे चट्टे उठतात.

इथे काटेकोर लोक म्हणतील की तमारी, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारख्या चवीचं वाळवलेलं यीस्ट), मेपल सिरप हे सगळं बनवताना तापवलेलं असतं. खरं आहे. ‘कच्चे’ म्हणून मिळणारे बहुतेक काजूसुद्धा टरफल काढण्यासाठी वाफवलेले असतात, कारण त्या टरफलात त्वचा भाजणारं तेल असतं. तुम्ही स्वतःसाठी रेघ कुठे ओढायची ते ठरवा. सगळ्यांसाठी रांधताना मी हे चार जिन्नस बिनदिक्कत वापरते, आणि कुणी विचारलं तर स्पष्ट सांगते.

आंबवण्याला मी वाळवणाइतकंच मोलाचं मानते, आणि त्याला कुठलंच यंत्र लागत नाही. कोबीच्या वजनाच्या २ टक्के मीठ घ्या, म्हणजे १ किलोला २० ग्रॅम. चोळून पाणी सुटलं की स्वच्छ बरणीत दाबून भरा. कोबी पूर्णपणे त्याच्याच खाऱ्या पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. वर छोटं वजन ठेवा आणि झाकण थोडं सैल, म्हणजे वायू बाहेर पडेल. २० अंशांच्या आसपासच्या खोलीत आठवड्याभरात तो छान आंबट होतो, तीन आठवड्यांत खोल चवीचा. उष्ण हवेत लवकर होतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चाखत राहा. या कोबीचा एक चमचा कुठल्याही थंड, सपाट ताटाला जागं करतो.

पोट भरल्याचं समाधान देतो तो स्निग्धांश. नुसत्या पानांचं ताट संपवून पाहुणा तासाभरात उपाशी होतो आणि पुढच्या वेळी घरून जेवून येतो. काजूचं क्रीम हा पाया शिकून घ्या: एक वाटी काजू तीन-चार तास भिजवून निथळा, अर्धी वाटी पाणी, दोन छोटे चमचे लिंबाचा रस, अर्धा चमचा मीठ. बोटांत चोळल्यावर कण लागेनासा होईपर्यंत वाटा. मिक्सर गरम झाला तर थांबा आणि पुन्हा सुरू करा. मात्र एका जेवणात असा एकच पदार्थ ठेवा. काजूचा सॉस, काजूचं चीज आणि वर काजूचाच केक अशा जेवणानं माणसं जड होऊन उठतात. दुसऱ्या ठिकाणी अॅव्होकाडो, तीळ, सूर्यफुलाच्या बिया, ओलं खोबरं असं काही फिरवा. कुणाला नट्सची अॅलर्जी आहे का हे पाहुणे येण्याआधी विचारा, कारण रॉ पदार्थांत ते कुठे लपलेले आहेत हे खाणाऱ्याला ओळखता येत नाही.

मऊ आणि मलईदार पदार्थांसोबत ताटात एक तरी कोरडी, कुरकुरीत गोष्ट हवीच. जवस यासाठी अप्रतिम आहे. एक वाटी जवस सव्वा वाटी पाण्यात दोन तास भिजवला की त्याला बुळबुळीत चीक सुटतो, तोच सगळं धरून ठेवतो. त्यात किसलेलं गाजर, मीठ, मिरपूड मिसळा, तीन मिलिमीटर जाड पसरा आणि ४५ अंशांवर दहा-बारा तास वाळवा. मधे एकदा उलटा. थोडीही नरम असताना काढली तर ही पापडी दुसऱ्या दिवशी चिवट होते.

ऊब या गोष्टीकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. रॉ म्हणजे फ्रीजमधून काढून थेट ताटात असा समज आहे, आणि त्यानं फार नुकसान होतं. थंड पदार्थात जिभेला गोडवा कमी जाणवतो आणि सुगंध दबतो. उलट आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश, त्यामुळे ४५ अंशांचं सूप ओठांना चक्क गरम लागतं आणि तरीही रॉच्या ४८ अंशांच्या मर्यादेत राहतं. भांडं कोमट पाण्यात ठेवून ढवळत राहा, बोट सहज बुडवता येईल इतकीच ऊब हवी. सूपच्या वाट्या आणि ताटं आधी गरम पाण्यानं धुऊन पुसून घ्या. बाकीचे पदार्थ अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा. थंड दिवसांत एवढ्या एका गोष्टीनं जेवणाकडे बघण्याची नजर बदलते.

गोडाची काळजी करू नका, तिथे लोक आपण होऊन जिंकले जातात. पिकून ठिपके आलेल्या केळ्यांच्या चकत्या गोठवून वाटल्या की आइस्क्रीम तयार. खजूर आणि अक्रोडाच्या तळावर काजू-खोबरेल तेलाचा थर देऊन केक लावता येतो. मिश्रण गोठवण्याआधी हवं त्यापेक्षा थोडं जास्त गोड ठेवा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून उबदार खोलीत केक ढासळतो. थोडं कोको बटर घातलं तर तो उभा राहतो, कारण ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं.

आता ताटाबाहेरचं एक. पदार्थाला शिजवलेल्या पदार्थाचं नाव देऊ नका. झुकिनीच्या थरांना ‘लझानिया’ म्हटलं की खाणारा मनातल्या लझानियाशी तुलना करतो आणि तुम्ही हरता. ‘झुकिनी, वाळवलेले टोमॅटो आणि काजू क्रीम’ म्हटलं की तो समोरचं चाखतो. आणि जेवताना आरोग्यावर व्याख्यान नको. ‘कच्च्या अन्नातली जिवंत एन्झाइम्स’ हा दावा तर सोडूनच द्या. ती प्रथिनं असतात आणि पोटातल्या आम्लात बहुतेक मोडतात. शिजवल्यानं क जीवनसत्त्व कमी होतं हे खरं, तसंच शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शरीर जास्त चांगलं शोषतं हेही खरं. झुरिचचे डॉक्टर माक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी १९०० सालाच्या सुमारास रुग्णांना कच्चं अन्न द्यायला सुरुवात केली. त्यांच्या सिद्धांतांची आज फार थोड्यांना आठवण आहे, पण त्यांचं म्यूसली जगभर खाल्लं जातं. मूळ म्यूसलीत ओट्स जेमतेम चमचाभर होते, मुख्य होतं ते सालीसकट ताजं किसलेलं सफरचंद, लिंबू, दाणे आणि आटवलेलं गोड दूध. ते टिकलं ते चवीमुळे, असं माझं ठाम मत आहे. दुधाच्या जागी बदामाचं दाट दूध आणि खजूर घेतलात तर तो आजही उत्तम रॉ नाश्ता आहे.

सुरक्षिततेत मात्र कसलीही सूट नाही. राजमा कधीही कच्चा नाही, मोड आणूनही नाही. त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन जोराच्या उलट्या-जुलाब घडवतं आणि ते उकळूनच निष्प्रभ होतं. मोड आलेली कडधान्यं ज्या ओल्या उबेत वाढतात, त्याच उबेत जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय या जंतूच्या साथीत ५० हून अधिक माणसं दगावली. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चे मोड वाढू नका. कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका, तिथे बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. वाळवणाच्या ४५ अंशांना जंतू मरत नाहीत, म्हणून भाज्या नीट धुवा आणि ओले सॉस तयार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. तुम्ही स्वतः रोज असंच खात असाल तर बी-१२ गोळीतून किंवा ते मुद्दाम घातलेल्या अन्नातून घ्या. वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही, स्पिरुलिनातूनही नाही. वजन उतरत असेल किंवा पाळी अनियमित झाली असेल तर अन्न कमी पडतंय, डॉक्टरांना भेटा.

पहिल्या जेवणासाठी माझी सूचना: कोमट टोमॅटो सूप, पिळलेला कोबी, टोमॅटो सॉसमधली झुकिनी, जवसाची पापडी आणि केळ्याचं आइस्क्रीम. शेजारी शिजवलेला भात किंवा ब्रेड खुशाल ठेवा. ज्यांना सवयीचं काही हवं असतं त्यांना त्याचा आधार वाटतो, आणि मग ते बाकीचं मोकळ्या मनानं खातात. पापडी दोन दिवस आधी, केळी आणि टोमॅटो आदल्या दिवशी, सॉस सकाळी, कोबी तासभर आधी. झुकिनीला मीठ पाहुणे दारात आल्यावर लावा, आणि सॉस सगळे ताटावर बसल्यावरच मिसळा.